उंटाच्या आधी बोंडअळी

प्रति,
विज्ञान विषय समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे



नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं एकेका इयत्तेला येऊ लागली आहेत. आज ना उद्या सातवीच्या विज्ञानाची पाळी येईलच. ते पुस्तक छापखान्यात जाण्याआधी त्यातल्या एका धड्याबद्दल चार गोष्टी उघडपणे बोलाव्यात म्हणून हे पत्र. मी यवतमाळ जिल्ह्यात उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आत्ताच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘सजीव सृष्टी : अनुकूलन व वर्गीकरण’. धडा वाईट नाही. वाळवंटातल्या वनस्पती, पाण्यातल्या, बर्फाळ प्रदेशातल्या, मग प्राणी, असा सरळ चालतो. शिकवायला सोपा, प्रश्न काढायला त्याहून सोपा. ‘जोड्या लावा’ मध्ये मुलं गुण घेतात आणि आम्ही पुढच्या धड्याला लागतो. माझी कुरकुर नेमकी या सोपेपणाबद्दल आहे.

हा धडा शिकून बाहेर पडलेल्या कुठल्याही मुलाला विचारून बघा, उंटाचे पाय पसरट कसे झाले? उत्तर ठरलेलं असतं: वाळूत रुतू नयेत म्हणून त्यानं तसे करून घेतले. मग विचारा, त्यानं म्हणजे कुठल्या उंटानं? कधी? इथे मुलं गप्प होतात. त्यांच्या मनात एक साध्या पायांचा उंट असतो. तो एके दिवशी वाळवंटात शिरतो, रुततो, वैतागतो आणि पुढच्या चित्रात पसरट पाय घेऊन उभा राहतो. मुलांना कशाला बोल लावायचा? ‘जगण्यासाठी प्राणी स्वतःमध्ये बदल करून घेतात’ हे वाक्य आम्हा शिक्षकांच्या तोंडात बसलेलं आहे, गाइडांत छापलेलं आहे, आणि उत्तरपत्रिकेत आलं की आम्हीच त्यावर बरोबरची खूण करतो.

प्रत्यक्षात एकही जीव असं काही करून घेत नाही. कुठल्याही पिढीत सगळे सारखे नसतात, काही ना काही फरक असतोच. त्यातला एखादा फरक त्या जागी, त्या काळात कामी आला की तो असलेल्यांची पिल्लं जास्त जगतात, त्यांच्या पिल्लांची आणखी जास्त. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की सगळ्या जमातीचं वळण बदललेलं दिसतं. म्हणजे बदलते ती जमात, एकटा जीव नव्हे. चंद्रपूरच्या उन्हात राहून आपल्याला उन्हाची सवय होते, पण ती सवय आपल्या लेकरांना जन्मतः मिळत नाही. एवढा फरक सातवीच्या मुलाला कळतो. अट एकच, तो कुणीतरी सांगायला हवा.

आपल्या दहावीच्या पुस्तकात तो सांगितला जातो. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा धडा तिथे आहे आणि त्याबद्दल मंडळाचे आभार मानायला हवेत. एनसीईआरटीनं 2023 च्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढून टाकली तेव्हा देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेधाची पत्रं लिहिली. आपल्याकडे ती वेळ आली नाही. पण सातवीत परिणाम शिकवायचा आणि कारण दहावीत सांगायचं, या मधल्या तीन वर्षांत ‘उंटानं करून घेतलं’ हे इतकं पक्कं होतं की दहावीतला डार्विन त्यावर वरवर चढतो आणि परीक्षेनंतर उतरतो.

उंटाचं उदाहरण तसंही वाटतं तेवढं सरळ नाही, हे जाता जाता सांगतो. उंटाच्या कुळाचा उगम उत्तर अमेरिकेतला. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समिअर बेटावर, सुमारे 35 लाख वर्षांपूर्वीच्या एका अवाढव्य उंटाचे अवशेष सापडल्याचं 2013 मध्ये जाहीर झालं. तिथे तेव्हा जंगल होतं, पण हिवाळा लांब, काळोखा आणि बर्फाचा. संशोधकांनी तेव्हाच सुचवलं की पसरट पाय आणि चरबीचं वशिंड कदाचित आधी बर्फात आणि उपासमारीच्या हिवाळ्यात उपयोगी पडलं असेल, वाळवंट नंतर आलं. हे खरं ठरो न ठरो, ‘वाळूसाठी पाय’ हे उत्तर किती घाईचं आहे ते यातून दिसतं. (वशिंडात पाणी असतं असं सांगणारे अजूनही आहेत. त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.)

आता माझी मागणी. उंट राहू द्या, पण त्याच्या आधी गुलाबी बोंडअळी आणा.

आपल्या राज्यातल्या मोठ्या भागात मुलांच्या आई-बापाच्या डोळ्यांदेखत एका जिवाची अख्खी जमात परिस्थितीप्रमाणे बदलली आहे. त्यासाठी लाखो वर्षं लागली नाहीत, पंधराएक वर्षं पुरली. विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येक कास्तकाराला ही गोष्ट ठाऊक आहे, फक्त ती ‘अनुकूलन’ या नावानं कुणी त्याला सांगितलेली नाही. गुलाबी बोंडअळी काही बाहेरून आलेली पाहुणी नव्हे. 1843 मध्ये शास्त्रात तिची पहिली नोंद झाली तीच भडोचच्या कापसावरून. मादी फुला-पात्यांवर आणि कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. बारीक अळी बोंडात शिरते आणि तिनं पाडलेलं भोक बोंड वाढताना बुजून जातं. बाहेरून बोंड ठणठणीत दिसतं. आत ती सरकी खात बसलेली असते. फुलात शिरली तर पाकळ्या नीट उमलत नाहीत, एकमेकींत गुंतून राहतात. अशा फुलालाच शेतकरी डोमकळी म्हणतात. बोंड फुटतं तेव्हा हाती येते कवडी, म्हणजे डागाळलेला, अर्धवट फुटलेला कापूस.

2002 मध्ये बीटी कपाशी आली. मातीत राहणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं एक जनुक कपाशीत घातलेलं, त्यामुळे झाडाच्या अंगातच अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. अळीनं बोंड कुरतडलं की ते प्रथिन तिच्या आतड्यात ठराविक जागी चिकटतं, आतडं फुटतं, अळी मरते. 2006 मध्ये दोन प्रथिनांचं बियाणं आलं. सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग 2010 मध्ये तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीनंच जाहीर केलं की गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या प्रथिनाचीही तीच गत झाली, आणि 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात उभ्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, नांगर फिरवायची वेळ आली.

‘सर, पण अळीले शिकवलं कोणं?’ हा माझ्या वर्गातला प्रश्न. तो पुस्तकात छापावा इतका चांगला आहे. उत्तर: कुणीच नाही. काही थोड्या अळ्यांच्या आतड्यात ती चिकटण्याची जागा जन्मतःच जराशी वेगळी होती. बीटी येण्याआधी त्या फरकाला काडीची किंमत नव्हती. बीटी आली आणि बाकीच्या मेल्या.

हे तोंडानं सांगून पोचत नाही, म्हणून आम्ही ते परातीत करतो. परातीत चवळीचे 100 दाणे: 98 पांढरे, 2 लाल. शेतात हे प्रमाण याहून कितीतरी कमी असतं, पण वर्गात दिसायला हवं म्हणून 2 घ्यायचे. परात म्हणजे बीटीचं शेत. पांढऱ्यांतले दहापैकी नऊ उचलून बाजूला टाकायचे, लालला हात लावायचा नाही. उरतात दहाएक पांढरे आणि 2 लाल. प्रत्येकाच्या जागी आठ पिल्लं, ज्याची त्याच्या रंगाची. झाले 80 पांढरे, 16 लाल. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच: 8 पांढरे उरतात, 16 लाल. या वेळी प्रत्येकी चार पिल्लं: 32 आणि 64. तिसऱ्या फेरीत पांढरे तीनच उरतात आणि मुलांचा गलका सुरू होतो. बोंडअळीची एक पिढी साधारण महिना-सव्वा महिन्याची असते, म्हणजे तीन फेऱ्या म्हणजे एक हंगामसुद्धा नाही, हे इथे सांगायचं. आणि मग विचारायचं: एकाही दाण्यानं रंग बदलला का? मुलं परातीत पुन्हा बघतात. कुणाचाच बदललेला नसतो, तरी परात लाल झालेली असते. अख्ख्या धड्यात मुलांना कळायला हवी अशी गोष्ट ही एवढीच आहे आणि तिला खर्च मूठभर चवळीचा.

याच खेळाला दुसरा भाग आहे. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची. ती शेताच्या कडेनं लावायची असं सांगितलेलं असायचं. बहुतेकांनी ती बांधावर भिरकावली. मुद्दाम अळ्या पोसायच्या कशाला, असा हिशेब, आणि पुडी कशासाठी हे सांगितलंच नसेल तर तो चुकीचाही म्हणता येत नाही. आता खेळात परातीशेजारी एक ताट ठेवा, त्यातल्या 98 पांढऱ्या आणि 2 लाल दाण्यांना कुणी मारायचं नाही. दर फेरीला ताटातले दाणे परातीतल्या उरलेल्यांत मिसळा आणि डोळे मिटून जोड्या काढा. नियम एकच: लाल-पांढऱ्याची जोडी लागली तर पिल्लं पांढरी. लालला लाल भेटणं अवघड होतं आणि परात लाल व्हायला पुष्कळ फेऱ्या लागतात. बोंडअळीचा प्रतिकारही बराचसा असाच वागतो, तो आई-बाप दोघांकडून आला तरच पुरता कामी येतो. पुडीमागचं गणित हे होतं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी नॉन-बीटीचा पट्टा बरीच वर्षं नेमानं राखला, नंतर वांझ केलेली पाखरं मोठ्या संख्येनं सोडली, आणि 2018 मध्ये अमेरिकेनं गुलाबी बोंडअळी देशातून हटल्याचं जाहीर केलं. जीव तोच आणि प्रथिनंही तीच होती.

त्याहून बोलकी गोष्ट आपल्याच शेतात आहे. कपाशीवर हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळीही येते. बीटी मुळात आणली ती मुख्यतः तिच्यासाठी. मग तिच्याआधी गुलाबीच का वरचढ ठरली? हिरवी अळी तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. तिच्या कितीतरी पिढ्या बीटीचं तोंडही न बघता वाढतात आणि त्यांची पाखरं सगळ्यांत मिसळतात. म्हणजे नॉन-बीटीचं ताट तिला निसर्गानंच वाढून ठेवलं आहे. गुलाबीचं जवळपास सगळं खाणं कपाशीवर, आणि कपाशी जवळपास सगळी बीटी. त्यात आपल्या संकरित वाणांचा मुक्काम लांबलचक, वर फरदड घेऊन, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक राखून, ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभं. परातीतल्यासारखी तिची निवड जवळपास थांबलीच नाही. ही तुलना सातवीच्या मुलाला समजली तर ‘पर्यावरण’ म्हणजे फक्त वाळू, बर्फ आणि पाणी नाही, माणूस काय पेरतो आणि केव्हा उपटतो हेही त्यातच आलं, हे त्याला उगाच वेगळं सांगावं लागत नाही.

यावर समितीतून काय आक्षेप येतील याचा अंदाज आहे. विषय वादाचा आहे, कंपन्या, बियाणं, कर्ज, सगळं त्यात येतं. येतं खरं. 2017 च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, त्या घरांतली लेकरं आमच्या शाळांत बसतात. म्हणून तर हा धडा सांभाळून लिहायला हवा, आणि तो सांभाळून लिहू शकणारी माणसं आपल्याकडे आहेत. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे. दोष कुणाचा हे विज्ञानाच्या पुस्तकानं ठरवू नये. अळीचं काय झालं एवढंच सांगावं. दुसरा आक्षेप, जनुक-बिनुक सातवीला झेपायचं नाही. चवळीच्या खेळात जनुक हा शब्द एकदाही लागत नाही. पोर बापाच्या वळणावर जातं हे मुलांना माहीत असतंच.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: पुस्तक साऱ्या राज्याचं, आणि मालवणच्या मुलानं पऱ्हाटी पाहिलेली नसते. मग त्याला त्याच्या खाडीतलं द्या. तिवराचं पान चाटलं तर खारट लागतं, कारण झाड नको असलेलं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चिखलात हवा नाही म्हणून त्याची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली असतात. ज्या निवट्यांचं कालवण तो खातो तो मासा ओहोटीला चिखलावर परांच्या आधारानं चालतो आणि ओल्या कातडीतून श्वास घेतो. खार जमिनीत टिकणारं राता भाताचं बियाणं आणि गोव्याच्या खाजनातला कोरगुट, हे तर शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेलं. डार्विननंही 1859 च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात माणसानं पाळलेल्या जनावरांपासून आणि पिकांपासून केली, गालापागोसच्या बेटांवरून नव्हे.

साताऱ्याच्या मुलांना चाळकेवाडीचं पठार द्या. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले, आणि तिथले पंख्यासारखा गळा फुलवणारे सरडे वाढले, असं 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. त्या सरड्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी होतं, गळ्याचे रंग फिके होते, आणि माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. इथे मुलांना विचारण्यासारखा झकास प्रश्न आहे: हे अनुकूलन म्हणायचं की नुसती सवय? त्यांच्या पिल्लांना पवनचक्क्यांपासून लांब वाढवलं तर ती भित्री होतील का? शेवटचं उत्तर पुस्तकात छापू नका. कुठला प्रयोग केला तर कळेल, एवढं मुलांना लिहायला लावा.

जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं पुस्तक कसं काढायचं, असं कृपया म्हणू नका. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपण जिल्हानिहाय काढलेलं आहे. सातवीसाठी एवढाही व्याप नको: चवळीचा खेळ आणि बोंडअळी सगळ्यांना, आणि पुढची चार पानं विभागानुसार. शिवाय क्यूआर कोड आता प्रत्येक पुस्तकावर असतोच.

प्रश्नपत्रिकेबद्दलही सांगतो, कारण शाळांमध्ये धडा तिथूनच उलटा शिकवला जातो. ‘उंटाच्या अनुकूलनाची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाला पाठांतराशिवाय काही लागत नाही. त्याऐवजी विचारा: एकाच शेतात दोन प्रकारच्या अळ्या होत्या, एकीला बीटी पचू लागली, दुसरीला नाही, कारण काय असेल? किंवा: ‘थंडीपासून वाचण्यासाठी अस्वलाने दाट केस वाढवले’ हे वाक्य दुरुस्त करून लिहा. हा दुसरा प्रश्न शिक्षकांच्या प्रशिक्षणातही विचारावा. थोडी शांतता पसरेल, पण उपयोग होईल.

शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण आम्हाला रोज अडते. हा धडा पहिला आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीला उघडतात. तेव्हा शेतात कपाशी दोन पानांवर असते, बोंड कुठून दाखवणार? धडा दुसऱ्या सत्रात टाका. दिवाळीनंतर, फवारणी न केलेल्या एखाद्या झाडाची बोंडं वर्गात आणता येतात, हिरवं बोंड चिरून आतली अळी, खाल्लेली सरकी आणि बुजलेलं भोक दाखवता येतं, आणि वेचणीला गेलेली पोरं परत आल्यावर बाकीच्यांपेक्षा जास्त सांगतात. आम्ही काही जण हा धडा नोव्हेंबरातच घेतो. वार्षिक नियोजनाच्या वहीत मात्र तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘पूर्ण’ दाखवावा लागतो. नव्या पुस्तकाची अनुक्रमणिका ठरवताना तेवढं बघावं.

आपला नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातला एक विज्ञान शिक्षक